वरची पायरी धाकटी, खालची थोरली: आर्क्टिकच्या शिंपल्यांची वयं आणि सांगलीतला एक प्रबंध

पार्श्वभूमी

सांगलीतल्या एका महाविद्यालयात भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला शेवटच्या वर्षी प्रबंध असतो. बहुतेक मुलं कृष्णा-वारणेचा गाळ, भूजल किंवा बेसॉल्टच्या खाणी घेतात, कारण जागा जवळ असते आणि दुचाकीवर जाऊन नमुने आणता येतात. एका विद्यार्थिनीने मात्र आर्क्टिक महासागर घेतला. विभागात थोडी कुजबुज झाली. सांगलीपासून समुद्र दीडशे किलोमीटरच्या आसपास, तोही कोकणातला, आणि हिला हवा बॅफिन उपसागर!

विषय दिसतो तितका हवेतला नव्हता. गेल्या साठ-सत्तर वर्षांत कॅनडा, नॉर्वे, डेन्मार्क या देशांच्या प्रयोगशाळांनी आर्क्टिक किनाऱ्यांवरच्या जुन्या शिंपल्यांची कार्बन-14 वयं काढून याद्यांच्या रूपाने छापली आहेत. कुठल्या ठिकाणी, समुद्रसपाटीपासून किती मीटर उंचीवर, कोणत्या जातीचा शिंपला, वय किती, त्यात चूक किती असू शकते, असं सगळं त्यात मिळतं. जहाज नको, निधी नको. याद्या गोळा करायच्या, एका तक्त्यात बसवायच्या आणि उबदार पाणी कुठे कधी पोचलं ते वाचायचं. पदव्युत्तर प्रबंधाला हे काम पुरेसं आहे, आणि भारताचं ‘हिमाद्री’ स्थानक 2008 पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरल्या न्यू-ओलसुंडला असल्यामुळे विषय अगदीच परका राहिलेला नाही.

शिंपल्यांवरून पाण्याची ऊब कशी कळते? प्रत्येक जातीची एक सहनशक्ती असते. पोर्टलँडिया आर्क्टिका ही जात हिमनदीच्या तोंडाशी, गढूळ आणि गोठणबिंदूच्या आसपासच्या पाण्यात राहते. निळ्या शिंपल्याला, म्हणजे मायटिलसला, उन्हाळ्यात तरी थोडं उबदार पाणी लागतं. बर्फ वितळल्यानंतरच्या काळात स्वालबार्डच्या किनाऱ्यावर मायटिलस मुबलक होता. नंतर पाणी थंडावत गेलं आणि सुमारे हजार वर्षांपूर्वी तो तिथून नाहीसा झाला. 2004 साली तो तिथे पुन्हा जिवंत सापडला. अटलांटिकचं उबदार पाणी जोरात आत शिरलं, त्याबरोबर त्याच्या अळ्या वाहत आल्या, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं गेलं. जिवंत प्राण्याने दिलेली ही साक्ष असल्यामुळे जुन्या टरफलांवरही विश्वास ठेवता येतो.

दुसरा आधार उंचीचा. हिमयुगात जमिनीवर किलोमीटरभर जाडीचा बर्फ होता. तो वितळल्यावर भार हलका झाला आणि जमीन वर येऊ लागली. त्यामुळे जुने किनारे पायऱ्यांसारखे एकाखाली एक उरले आहेत. सगळ्यात वरची पायरी सगळ्यात जुनी, खाली यावं तशी नवी. हा साधा नियम पुढे या प्रकरणात फार कामाला आला.

विद्यार्थिनीची मांडणी अशी होती: बॅफिन उपसागराच्या पूर्वेला ग्रीनलंड, पश्चिमेला बॅफिन बेट. दोन्ही किनाऱ्यांवरच्या मायटिलसच्या आणि थंड पाण्यातल्या जातींच्या वयांवरून उबदार पाण्याचा प्रवास दाखवायचा. पहिल्या फेरीत निष्कर्षही सुरेख आला. बॅफिन बेटावरची वयं सरासरी चार शतकांनी अलीकडची निघाली. तिने आलेख काढला, त्यावर बाण काढला, आणि शीर्षकात ‘चारशे वर्षांचा उशीर’ असे शब्द घातले.

अडचण

मार्गदर्शक सरांना आलेख आवडला होता. पण ते जुन्या पद्धतीचे क्षेत्र-भूशास्त्रज्ञ. संगणकावरच्या आकृतीपेक्षा उंचीचा रकाना आधी बघायची त्यांना सवय. एका खाडीतल्या दोन नोंदींपाशी ते थांबले. वरच्या पायरीवरचा शिंपला अलीकडचा निघत होता आणि खालच्या पायरीवरचा जुना. “अगं, वरची पायरी धाकटी आणि खालची थोरली? जमीन वर येते म्हणतेस ना तू?”

तिने आधी टंकनाची चूक शोधली. ती सापडली नाही. मग लाटांनी किंवा हिमनदीने जुना शिंपला उकरून खाली आणून टाकला असेल, असं उत्तर दिलं. असं खरोखर घडतं, म्हणून उत्तर चुकीचं नव्हतं. पण मग शेजारच्या खाडीतही तोच प्रकार दिसला, आणि त्याच्या पुढच्या खाडीतही. प्रत्येक ठिकाणी ‘धाकट्या’ नोंदीच्या क्रमांकापुढे एकाच प्रयोगशाळेची खूण होती: जीएससी, म्हणजे जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ कॅनडा. ‘थोरल्या’ नोंदी इतर प्रयोगशाळांच्या होत्या.

इथे थोडं खोलात जावं लागेल, कारण सगळं प्रकरण या एका दुरुस्तीभोवती फिरतं.

कार्बन-14 चं अर्धायुष्य सुमारे 5,730 वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्मा उरतो. किती उरला त्यावरून वय काढतात. विलर्ड लिबी यांनी ही पद्धत बसवली आणि त्यासाठी त्यांना 1960 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रयोगशाळा मात्र जुन्या वयांशी मेळ राहावा म्हणून आजही लिबींचंच 5,568 हे अर्धायुष्य वापरून ‘रूढ वय’ काढतात आणि ते 1950 पासून मागे मोजतात. शिवाय प्रत्येक सजीव कार्बनचे समस्थानिक थोड्या वेगळ्या प्रमाणात उचलतो. झाडांमध्ये कार्बन-13 चं ठरलेल्या मानकाच्या तुलनेतलं मूल्य उणे 25 प्रतिहजारच्या आसपास असतं, समुद्री शिंपल्यांत शून्याच्या आसपास. तुलना व्हावी म्हणून सगळी वयं उणे 25 वर आणून सांगायची, असा संकेत 1977 मध्ये पक्का झाला. एका प्रतिहजारामागे साधारण 16 वर्षं पडतात. म्हणजे शिंपल्याचं वय शून्यावरून उणे 25 वर आणलं की ते सुमारे 400 वर्षांनी वाढतं.

आता समुद्राकडे पाहू. समुद्राच्या पाण्यातला कार्बन हवेतल्यापेक्षा जुना असतो, कारण खोल पाणी शतकानुशतकं हवेला भेटत नाही आणि मग वर येऊन मिसळतं. त्यामुळे आज मेलेला शिंपलासुद्धा काही शतकं जुना दिसतो. याला सागरी साठ्याचं वय म्हणतात आणि ते वजा करावं लागतं. बऱ्याच ठिकाणी हा आकडाही 400 च्या आसपास येतो.

दोन चारशे, एक वाढवणारा आणि एक कमी करणारा. कॅनडाच्या त्या प्रयोगशाळेने समुद्री शिंपल्यांची वयं उणे 25 वर न आणता शून्यावरच ठेवून छापली. परिणामी चारशे वर्षांची सागरी दुरुस्ती त्यांत आपोआप झालेली असते. त्यांच्या याद्यांच्या प्रस्तावनेत हे लिहिलेलं असतं. पण प्रस्तावना कोण वाचतं? तक्त्यातला आकडा उचलला जातो. विद्यार्थिनीने तो उचलून कॅलिब्रेशनच्या, म्हणजे कार्बन-वर्षांची खरी वर्षं करणाऱ्या, प्रोग्रॅमला दिला, आणि प्रोग्रॅमने आपल्या पद्धतीने सागरी साठ्याचं वय पुन्हा वजा केलं. सांगलीच्या मार्केट यार्डात पोत्याचा कडता एकदा कापल्यावर दुसऱ्याने तो पुन्हा कापावा, तसला प्रकार. फरक इतकाच, की तिथे शेतकरी लगेच भांडायला उभा राहतो.

म्हणजे ‘चारशे वर्षांचा उशीर’ समुद्राचा नव्हता, वजाबाकीचा होता. बॅफिन बेटाच्या किनाऱ्यावर जीएससीच्या नोंदी जास्त आणि ग्रीनलंडच्या बाजूला इतरांच्या, म्हणून तो फरक दोन किनाऱ्यांमधला असल्यासारखा दिसला.

पर्याय

प्रबंध जमा करायला फार दिवस उरले नव्हते. सर, विद्यार्थिनी आणि संख्याशास्त्राच्या मॅडम एका दुपारी बसले. चार वाटा पुढे आल्या.

पहिली, जीएससीच्या सगळ्या नोंदी गाळायच्या. स्वच्छ काम. पण मग पश्चिम किनाऱ्यावर बोलण्यासारखं काही उरत नव्हतं आणि तुलनाच संपत होती.

दुसरी, बाकी सगळ्यांतूनही सरसकट 400 वजा करून सगळ्यांना एका पातळीवर आणायचं आणि कॅलिब्रेशन न करता बोलायचं. 1980 च्या दशकापर्यंत असंच चालायचं. मॅडमनी ही वाट लगेच मोडून काढली. हवेतलं कार्बन-14 चं प्रमाण काळानुसार खालीवर झालं आहे, त्यामुळे कार्बन-वर्षं आणि खरी वर्षं सारख्या लांबीची नाहीत. नऊ-दहा हजार वर्षांमागे तर हा फरक हजार वर्षांच्या पुढे जातो.

तिसरी, नव्याने वय काढून घ्यायचं. देशात दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्रात आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत त्वरकावर, म्हणजे थेट अणू मोजणाऱ्या यंत्रावर, कार्बन-14 मोजण्याची सोय आहे, आणि शिंपल्याचा काही मिलिग्रॅमचा तुकडा त्याला पुरतो. पण तुकडा आणायचा कुठून? शिंपले ओटावाच्या कपाटात, वेळ आपल्या हातात नाही.

चौथी, वजा झालेले 400 परत मिळवायचे आणि सगळ्या नोंदी रूढ वयांवर आणून एकाच पद्धतीने पुढे न्यायच्या. गणित सोपं, काम किचकट. प्रत्येक नोंदीमागे मूळ यादी उघडून हे वय कशावर आणलं आहे ते पाहायचं. शून्यावर आणलेलं असेल तर ठरलेला आकडा मिळवायचा. काहीच दुरुस्ती नसेल आणि कार्बन-13 मोजलेलंही नसेल, तर समुद्री शिंपल्याचं मूल्य 0 ते 2 धरून अंदाज करायचा आणि दोन-तीन दशकांची जादा चूक जोडायची.

चौथी वाट ठरली. माझ्या मते ती ठरणारच होती. निर्णय म्हणावेत असे प्रश्न त्यानंतर आले.

घेतलेले निर्णय

मूळ याद्या उघडल्यावर आणखी एक गोष्ट हाती लागली. इतर प्रयोगशाळा चूक सांगतात ती एका प्रमाण विचलनाची, जीएससी सांगते ती दोनाची. म्हणजे त्यांचं ± 100 हे इतरांच्या ± 50 च्या बरोबरीचं. मॅडमनी तो रकाना निम्मा करायला लावला. नॉर्वेच्या काही जुन्या नोंदींत 440 वर्षं आधीच वजा केलेली सापडली. त्याही सरळ केल्या. तक्त्यात ‘छापलेलं वय’ आणि ‘रूढ वय’ असे दोन स्वतंत्र रकाने झाले, आणि त्यांच्या मध्ये ‘काय केलं’ हा तिसरा.

पुढचा प्रश्न स्थानिक दुरुस्तीचा. सागरी साठ्याच्या वयाची जगाची सरासरी एक असते, प्रत्येक किनाऱ्याचा तिच्यापासूनचा फरक वेगळा असतो. तो काढायला 1950 च्या आधी, तारीख ठाऊक असताना गोळा केलेले शिंपले लागतात, कारण अणुचाचण्यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला हवेतलं कार्बन-14 जवळजवळ दुप्पट करून ठेवलं. असे शिंपले संग्रहालयांत असतात. 1975 साली छापलेल्या अशा एका अभ्यासात नॉर्वेच्या किनाऱ्याला 440, स्वालबार्डमधल्या स्पिट्सबर्गन बेटाला 510 आणि कॅनडाच्या उत्तर टोकाच्या एल्समिअर बेटाला 750 वर्षं निघाली होती. उत्तरेला जावं तसं वाढत जाणारं हे वय समजायला कठीण नाही. समुद्रावर बर्फाचं झाकण असलं की पाण्याला हवा मिळत नाही.

इथे एक जाळं होतं आणि त्यातून ती वाचली. जुन्या लेखांतला स्थानिक फरक तेव्हाच्या जागतिक सागरी वक्राच्या, म्हणजे कॅलिब्रेशनसाठी वापरायच्या आलेखाच्या, तुलनेत दिलेला असतो. 2020 मध्ये आलेल्या नव्या सागरी वक्रातलं सरासरी साठा-वय आधीपेक्षा सुमारे 150 वर्षांनी जास्त आहे. जुना फरक नव्या वक्राला लावला तर पुन्हा दीड शतक जादा वजा होणार. तिने प्रत्येक ठिकाणचा फरक नव्याने काढून घेतला. शिवाय हा वक्र ध्रुवाकडच्या पाण्यासाठी जपून वापरावा, असं तो करणाऱ्यांनीच म्हटलं आहे. मात्र गेल्या साडेअकरा हजार वर्षांपुरता नेहमीच्या रीतीने वापरायला हरकत नाही. तिच्या बहुतेक नोंदी त्या मर्यादेत होत्या. त्यापलीकडच्या तिने वेगळ्या काढल्या.

मग मॅडमनी विचारलेला प्रश्न आला. माझ्या दृष्टीने या प्रबंधातला तो सगळ्यात मोलाचा क्षण. “समुद्र बदलला हे तुला दाखवायचंय. आणि दुरुस्ती करताना तू तो बदललाच नाही असं धरतेस. कसं?”

बरोबर होतं. थंड, बर्फाखालच्या पाण्याचं साठा-वय जास्त असतं. अटलांटिकचं पाणी आत आलं की ते कमी होतं. समजा, खरं साठा-वय थंड काळात 800 आणि उबदार काळात 400 होतं, आणि आपण दोन्हीकडे 500 वजा केले. थंड काळातला शिंपला 300 वर्षांनी जास्त जुना निघेल, उबदार काळातला 100 वर्षांनी अलीकडचा. दोघांमधलं अंतर 400 वर्षांनी फुगलं. क्रम बरोबर राहील, बदलाचा वेग मात्र खोटा दिसेल.

सरांचं म्हणणं पडलं की एकच आकडा वापरावा आणि मर्यादा लिहून टाकावी, एम.एस्सी.च्या प्रबंधाकडून याहून जास्त कोणी मागत नाही. मॅडम अडून बसल्या. शेवटी मधली वाट निघाली. सगळा हिशेब तीन वेळा करायचा: स्थानिक फरक कमी धरून, मधला धरून आणि जास्त धरून. तिन्हींत टिकेल तेच निष्कर्षात लिहायचं.

पोर्टलँडियाचा निर्णय भूशास्त्राच्या विभागात असल्यामुळे चांगला झाला. हा शिंपला चिखलातलं अन्न खातो. चिखलात चुनखडकाचा भुगा असेल तर त्यातला कोट्यवधी वर्षांचा, कार्बन-14 उरलेलाच नसलेला कार्बन त्याच्या कवचात उतरतो. चुनखडकाच्या प्रदेशात या जातीची वयं शेजारच्या, पाणी गाळून खाणाऱ्या शिंपल्यांपेक्षा शेकडो वर्षांनी, काही ठिकाणी त्याहूनही जास्त जुनी आलेली आहेत. हे समजायला तिला वेळ लागला नाही. मिरजेकडच्या बोअरच्या जड पाण्यात जुना चुना विरघळलेला असतो हे ती भूजलाच्या पेपरात शिकली होती, आणि गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांना त्याच कारणाने खोटं म्हातारपण येतं. तिने कॅनडाचा भूशास्त्रीय नकाशा काढला. बॅफिन बेटाचा पूर्व किनारा बहुतांशी नाइस आणि ग्रॅनाइट या कठीण स्फटिकी खडकांचा आहे, पश्चिमेकडे आणि आणखी उत्तरेकडे चुनखडक. चुनखडकावरच्या पोर्टलँडियाच्या नोंदी तिने गाळल्या, नाइसवरच्या खूण करून ठेवल्या. मी असतो तर त्याही गाळल्या असत्या. हिमनदी चिखल फार लांबून आणते, पायाखालचा खडक पाहून त्याची हमी देता येत नाही.

जुन्या नोंदींतला मिश्रणाचा प्रश्न थोडक्यात उरकला गेला. त्वरकाआधीच्या पद्धतीला कित्येक ग्रॅम कवच लागायचं, म्हणून पुष्कळदा मूठभर शिंपले एकत्र मोजले जात. त्यात वेगवेगळ्या काळातले मिसळले असतील तर निघालेलं वय कुणाचंच नसतं. तिने अशा नोंदींना वेगळा रंग दिला आणि पुढे गेली. ते पुरेसं होतं.

काय निष्पन्न झालं

दुरुस्तीनंतर पायऱ्या बहुतेक ठिकाणी सरळ झाल्या. दोन-तीन खाड्यांत उलटापालट राहिली. तिथे मात्र शिंपले उकरून वाहून आले असावेत, हे आधीचं स्पष्टीकरण आता लागू पडत होतं.

चारशे वर्षांचा उशीर गेला. दोन किनाऱ्यांमध्ये थोडा फरक मधला आकडा धरल्यावर दिसत होता, जास्त धरल्यावर पुसला जात होता. म्हणून तो निष्कर्षात आला नाही. थंड पाण्यातल्या जाती आधी आणि मायटिलस नंतर, हा क्रम तिन्ही हिशेबांत टिकला. आज दिसतो त्याच्या उत्तरेला मायटिलस पूर्वी पोचला होता, हेही टिकलं. स्थित्यंतराला किती काळ लागला, याबद्दल तिने एकच आकडा न देता पल्ला दिला, आणि तो इतका रुंद होता की तिलाच तो लिहायला नको वाटत होता. “सर, एवढं करून हातात काय आलं?” असं तिने विचारलं. त्यावर सरांनी तिला तोंडी परीक्षेच्या तयारीला लावलं.

तोंडी परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी आलेखांवर फार वेळ घालवला नाही. ‘काय केलं’ हा रकाना उघडा म्हणाले, आणि मधल्याच कुठल्यातरी ओळींवर बोट ठेवून हा आकडा कुठून आला ते विचारत राहिले. प्रत्येक ओळीमागे मूळ यादीचा संदर्भ होता, त्यामुळे ती अडखळली नाही. गुण चांगले मिळाले. शीर्षकातून ‘चारशे वर्षांचा उशीर’ काढून तिथे साठा-वयाचा उल्लेख आला.

वेगळं काय करता आलं असतं

उंचीची कसोटी सुरुवातीलाच लावायला हवी होती. तिला एक पैसा लागत नाही, प्रोग्रॅमही लागत नाही. नोंदी उंचीप्रमाणे लावून वयांचा क्रम बघायचा, एवढंच. ती पहिल्या आठवड्यात लावली असती तर आलेख, बाण आणि शीर्षक यांत गेलेले दिवस पोर्टलँडियासाठी मिळाले असते.

साठा-वयाच्या बाबतीत तीन हिशेबांवर थांबण्याऐवजी एक खरी कसोटी उपलब्ध होती. त्याच पायरीवर शिंपल्याशेजारी जमिनीवरच्या वनस्पतीचा अवशेष मिळाला, तर दोघांच्या वयांतला फरक म्हणजे त्या काळातलं साठा-वय. ज्वालामुखीच्या राखेचा थरही असंच काम करतो. उत्तर अटलांटिकच्या भागात आइसलँडची सुमारे 12,100 वर्षांपूर्वीची वेद्दे राख त्यासाठी वापरली जाते. वाहून आलेलं लाकूड मात्र जपून घ्यावं लागतं, कारण झाड मेल्यापासून किनाऱ्याला लागेपर्यंत किती वर्षं गेली ते सांगता येत नाही. अशा जोड्या छापील याद्यांत थोड्याच आहेत, पण आहेत. तिने त्या शोधल्या नाहीत, कारण गाळ खाणाऱ्या आणि गाळून खाणाऱ्या जाती वेगळ्या करण्यातच वेळ संपला.

विभागाकडे आता तो तक्ता आहे. पुढच्या वर्षीच्या एका विद्यार्थ्याने तो मागितला आहे. त्याला आधी शिंपला-वनस्पतीच्या जोड्या काढायला सांगितलं आहे आणि नाइसवरच्या पोर्टलँडियाचं काय करायचं, यावर सरांचं नि माझं अजून एकमत झालेलं नाही.